बेलेरिआंडचा सातबारा नक्की कोणाच्या नावावर?

पार्कचौकातली_ऑर्क

मंडळी, एक भांडण मिटवून हवंय.

आमचा चार-पाच जणांचा गट रविवारी जुळे सोलापुरात एकाच्या गच्चीवर डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे पात्रं घेऊन कथा रचत फाशांवर खेळायचा खेळ, खेळतो. खेळ चालवायचं काम माझ्याकडं. नव्या कथेत मी दोन एल्फ जमाती घेतल्यात आणि नदीखोरं एकच. दोघी म्हणतात, आमचं. नकाशा मागच्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर काढलाय. नदी निळ्या स्केचपेननं झाली, डोंगर झाले, हद्दीची रेघ मात्र अजून पेन्सिलीतच आहे, कारण ती कुठून न्यायची तेच ठरेना.

गटातला एकजण म्हणाला, डोकं कशाला खातेस, 'द सिल्मरिलियन' उघड, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टोल्किननं सगळं करून ठेवलंय. म्हणून ती प्रकरणं पुन्हा वाचायला घेतली आणि गोंधळ आणखी वाढला.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एल्फांना समुद्रापार वालारांच्या, म्हणजे देवतांच्या, देशात बोलावणं आलं. काही गेले, काही वाटेत थांबले, काही निघालेच नाहीत. थिंगोल निघालेल्यांतला, पण नान एल्मोथच्या रानात त्याला मेलियान भेटली आणि तो अल्याडच राहिला. त्याला शोधत, त्याची वाट बघत जे मागं राहिले ते सिंदार. बेलेरिआंड, म्हणजे समुद्राच्या अलीकडचा मुलूख, त्यांचं घर झालं. फार काळ लोटल्यावर पलीकडं गेलेल्यांतली एक जमात, नोल्डोर, समुद्रापारहून परत येते. दुष्ट मोरगोथनं त्यांची रत्नं (सिल्मरिल) चोरलीत, त्यांच्या राजाला मारलंय, त्यांना सूड घ्यायचाय. पण निघताना जहाजं मिळवायला त्यांनी आल्क्वालोंडेच्या बंदरावर टेलेरी एल्फांना कापून काढलंय, आणि ते टेलेरी म्हणजे थिंगोलच्या सख्ख्या भावाची माणसं. थिंगोलला हे अजून कळलेलं नाही. तो नोल्डोरांतल्या अंग्रोडबरोबर निरोप धाडतो: बेलेरिआंडचा धनी मी. तुम्ही हिथलुमात राहा, डोर्थोनियनच्या उंचवट्यावर राहा, माझ्या डोरिआथ राज्याच्या पूर्वेला ओसाड मुलूख आहे तिथं राहा. बाकी ठिकाणी माझी माणसं आहेत.

हे ऐकून माएध्रोस, नोल्डोरांतल्या फेआनोरचा थोरला पोरगा, हसतो. म्हणतो, ज्याला राखता येतं तो राजा. जिथं थिंगोलचं काही चालत नाही तीच जमीन तो आपल्याला देतोय.

तर खरं कोणाचं? मला थिंगोल पटतो. तो तिथंच होता, त्याची माणसं तिथंच होती, आणि आलेल्यांच्या हाताला त्याच्याच नात्यातलं रक्त होतं. आमच्या गटातले दोघं नोल्डोरच्या बाजूनं एवढे पेटले की चहा गार झाला.

दुसरी अडचण जास्त खरी आहे. दोन एल्फ जमातींमध्ये फरक दाखवायचा कसा? एकांना हिरवे कपडे आणि दुसऱ्यांना चांदीचं चिलखत यापुढं माझी गाडी जात नाही. कुणीतरी सांगा की.

गिरणीचा_भोंगा

काय बे, यात अवघड काय आहे? नोल्डोर.

मोरगोथच्या अँगबँड किल्ल्याचा वेढा जवळजवळ चारशे वर्षं कुणी धरून ठेवला? नोल्डोरचा राजा फिंगोल्फिन यानं आणि फेआनोरच्या पोरांनी. हिमरिंगच्या टेकडीवर थंडीत माएध्रोस बसला होता. त्याचा मुलूख त्यानं मुद्दाम मागून घेतला, कारण मोरगोथचा वार पहिला तिथं येणार हे त्याला माहीत होतं. थिंगोल काय करत होता? बायकोच्या जादूच्या कुंपणाआड मेनेग्रोथच्या गुहेत बसून होता. बाहेर दुसरे मरतायत आणि हा आतून म्हणतोय, जमीन माझी. असले मालक आमच्या पेठेत पण हायत, वर्षातून एकदा भाडं घ्यायला उगवतात.

आल्क्वालोंडेचं पाप आहेच. पण त्याचा जमिनीशी काय संबंध?

माजी_भाऊसाहेब

पोरी, मी इथं वाचायला येतो, लिहीत सहसा नाही. पण हद्दीचा वाद म्हटलं की हात राहत नाही. उभी नोकरी तलाठी म्हणून गेली, दक्षिण सोलापूर आणि मंगळवेढा तालुक्यात. एल्फांची ओळख मुलीमुळं. ती नोकरीला पुण्याला गेली, पुस्तकं इथं कपाटात राहिली. निवृत्तीनंतर दुपारी करायचं काय, म्हणून एक उघडलं. 'द सिल्मरिलियन' लोकांना अवघड जातं म्हणे. मला अजिबात गेलं नाही. वंशावळ, वाटण्या, हद्दी, जुनी वैरं. फेरफार रजिस्टर वाचल्यासारखं सलग वाचत गेलो.

आधी एक गोष्ट मोकळी करतो, कारण मथळ्यात तूच सातबारा आणलायस. सातबारा हा मालकीचा दाखला नसतो. ती महसुली नोंद आहे. जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम १५७: नोंद खरी धरायची, उलट सिद्ध होईपर्यंत. बास, एवढंच. लोक तो उतारा छातीशी धरून कचेरीत यायचे आणि आम्ही हेच सांगायचो, की बाबा, कागद आहे, पण ताबा कुणाचा? वहिवाट कुणाची?

आता थिंगोल. 'बेलेरिआंडचा धनी मी' ही त्यानं स्वतःच घातलेली नोंद. हरकत घ्यायला कुणी नव्हतं, म्हणून टिकली. ताबा बघायला गेलं तर पहिल्या लढाईनंतर मेलियाननं डोरिआथभोवती कडं घातलं, त्याच्या आत त्याचा ताबा पक्का, एकदम चोख. पश्चिमेला समुद्रकाठी फालासात किर्दान त्याला वरिष्ठ मानायचा, ते पण धरू. पण हिथलुम? पूर्वेचा ओसाड मुलूख? तिथं त्याचा कोतवाल सुद्धा फिरकत नव्हता. माएध्रोस हसला ते उद्धटपणाचं होतं, पण त्याचं म्हणणं जागेवर जाऊन बघणाऱ्याचं आहे.

म्हणून भोंगासाहेब खूष झाले असतील तर थांबा. नोल्डोरचं प्रकरण तरी कुठं स्वच्छ आहे? मिथ्रिमच्या काठी सिंदार आधीपासून राहत होते. त्यांनी या लोकांना आपलं म्हटलं म्हणून हिथलुममध्ये बस्तान बसलं. मोकळी जमीन सापडली असं काही झालेलं नाही. आणि आल्क्वालोंडेचा संबंध कसा नाही? ताब्याशी नसेल, शेजारधर्माशी आहे. खून करून आलेला माणूस शेजारी जमीन घेऊ शकतो, कायदा अडवत नाही. पण त्याला पाणी कोण देईल, बांधावरून गाडी कोण जाऊ देईल? गोष्ट फुटल्यावर थिंगोलनं तेच केलं. जमीन परत मागितली नाही. त्यांची क्वेन्या भाषा आपल्या मुलखात बोलायची नाही, असा हुकूम काढला.

या वादात माणसांच्या वादापेक्षा वेगळी अशी एक गोष्ट आहे आणि तुझ्या खेळात ती यायलाच पाहिजे. एल्फ मरत नाहीत. मारले तर मरतात, म्हातारे होऊन नाही. आपल्याकडं उघडउघड, मालकाच्या नाकावर टिच्चून बारा वर्षं जमीन ताब्यात ठेवली, तर मूळ मालकाचा दावा मुदतीबाहेर जाऊ शकतो. मुदतीचा कायदा १९६३. कायदा असं का म्हणतो? कारण साक्षीदार मरतात, कागद कुजतो, लोक विसरतात, कधीतरी वाद संपला पाहिजे. एल्फांत हे काहीच होत नाही. पहिला कब्जेदार जिवंत आहे, त्याला पहिल्या दिवशी कुठलं झाड कुठं होतं ते आठवतंय, आणि ज्यानं अतिक्रमण केलं तोही जिवंत आहे. वारसनोंद म्हणून नाही. आमच्या निम्म्या तक्रारी वारसांमुळं व्हायच्या हे खरं, पण निम्म्या मिटायच्याही वारसांमुळंच. नातू म्हणायचे, जाऊ दे आज्ज्याचं भांडण. थिंगोल आणि माएध्रोस यांच्यात असं म्हणणारा नातू नाही.

हे झालं दोन बड्या खातेदारांचं. आता ज्यांच्याबद्दल तू विचारलंच नाहीस त्यांच्याकडं येतो. ओस्सिरिआंडचे हिरवे एल्फ.

ही माणसं पश्चिमेच्या वाटेवर मोठे डोंगर बघून मागं वळलेली. त्यातली काही नंतर डेनेथोरच्या मागं बेलेरिआंडात आली. हा डेनेथोर 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या गोंडोरचा नव्हे, कित्येक हजार वर्षं आधीचा. थिंगोलनं त्यांना हरवलेले भाऊबंद म्हणून घेतलं आणि ती सात नद्यांच्या मुलखात राहिली. सूर्य उगवायच्याही आधी पहिली लढाई झाली. थिंगोलनं बोलावलं, हे गेले. अंगावर चिलखत नाही, हत्यारं हलकी, समोर लोखंड ल्यालेले ऑर्क, म्हणजे मोरगोथचे सैनिक. आमोन एरेबच्या टेकडीवर डेनेथोर जवळच्या नातलगांसह घेरला गेला. थिंगोलची फौज पोचेपर्यंत सगळे मेले होते. त्यानंतर हिरव्या एल्फांनी परत राजा केला नाही.

मंगळवेढ्याकडची एक गोष्ट सांगतो. भावकीतला बांधाचा वाद. काळी जमीन, ज्वारी निघालेली, रान मोकळं. मधला बांध दोन्हीकडून दरवर्षी नांगरानं खात खात वीतभर उरलेला. मोजणीवाले आले, दोन्हीकडची माणसं जमली, जो तो हातात झेरॉक्स घेऊन. जुना हद्दीचा दगड काही सापडेना. बाजूला एक धनगर घोंगडी टाकून बसला होता. त्या रानांत तो उन्हाळ्यात खतासाठी मेंढरं बसवायचा, त्याच्या आधी त्याचा बाप बसवायचा. तो उठला, बाभळीपासून पावलं टाकत गेला, एका जागी थांबून टाचेनं माती उकरली. दगड तिथंच होता. पंचनामा झाला. दोन्ही भावांच्या सह्या झाल्या, पंचांच्या झाल्या. त्याची सही कुणी घेतली नाही. घ्यायचं कारणच नव्हतं, तो ना खातेदार ना लगतधारक. विडी पेटवून परत मेंढरांत गेला.

बेलेरिआंडात त्या धनगराच्या जागी हे हिरवे एल्फ आहेत. कुठलाही नियम लावून बघ, ते बाहेरच राहतात. राखेल त्याची म्हणालीस, तर यांच्याकडं फौज नाही. नोंद असेल त्याची म्हणालीस, तर यांच्याकडं दरबार नाही, कवी नाही, बखर लिहिणारा नाही. आपल्याकडं कूळकायद्यानं 'कसेल त्याची जमीन' म्हटलं, १ एप्रिल १९५७पासून कुळं मालक झाली, चांगलं झालं. पण हे नांगर धरत नाहीत, झाड सुद्धा तोडत नाहीत. मग कसणारे तरी कसे ठरणार?

त्यांचा एकच अर्ज पुस्तकात आहे. माणसं पहिल्यांदा डोंगर ओलांडून ओस्सिरिआंडात उतरली तेव्हा यांनी फिनरोडकडं दूत पाठवले. ही माणसं झाडं पाडतात, जनावरं मारतात, यांना परत पाठवा, जमत नसेल तर आम्ही त्यांना सुखानं राहू देणार नाही. फिनरोडनं त्या माणसांना, म्हणजे बेओरच्या लोकांना, तिथून हलवलं. दखल घेतली, हे त्याच्या खात्यावर जमा. पण स्वतःच्याच मुलखासाठी अर्ज करायचा तो एका नोल्डोर राजाकडं, हे बघ.

आणि शेवटी काय होतं? मोरगोथाविरुद्धच्या अखेरच्या युद्धात बेलेरिआंड समुद्रात बुडालं. डोरिआथ गेलं, हिथलुम गेलं, नोल्डोरचं लपवलेलं शहर गोंडोलिन तर आधीच पडलं होतं. ज्या जमिनीवरून एवढं झालं ती राहिलीच नाही. निळ्या डोंगरांजवळ जी मोठी पट्टी उरली ती लिंडोन, म्हणजे जुनं ओस्सिरिआंड. हिरव्या एल्फांचं! आणि तिथं राजा म्हणून बसला कोण? गिल-गालाद. नोल्डोर.

तुझ्या नकाशात दोन जमाती आहेत म्हणतेस. तिसरी कुठं आहे?

पूर्वभागातली_निम्रोडेल

काकांनी जमिनीचं सांगितलं, मी वेगळेपणाचं सांगते, कारण कपड्यांवरून जमात ठरत नाही हे पूर्व भागात वाढलेल्या कुणालाही विचार. आमच्या घरी तेलुगू, शेजारी कन्नड, शाळेत मराठी, आणि दुरून बघणाऱ्याला आम्ही सगळे सोलापूरकर.

टोल्किनकडं एकाच परिस्थितीत दोन राजघराणी अगदी उलट वागतात, ते बघ. 'अनफिनिश्ड टेल्स' म्हणून १९८०चं पुस्तक आहे, त्यात सापडेल. बेलेरिआंड बुडाल्यावर उरलेले काही सिंदार सरदार पूर्वेला रानातल्या एल्फांत जातात. त्यांतला ओरोफेर, म्हणजे 'द हॉबिट'मधल्या एल्फराजा थ्रांडुइलचा बाप. तो मूठभर माणसं घेऊन जातो, रानातल्यांची भाषा उचलतो, नावं त्यांच्यासारखी घेतो. त्याला दरबारी थाट नकोच आहे, वालारांचं बोलावणं यायच्या आधी एल्फ जसे राहायचे तसं राहायचंय. नोल्डोरचं वर्चस्व त्याला इतकं खुपतं की नोल्डोर गालाद्रिएल आणि तिचा नवरा केलेबोर्न शेजारच्या लोरियेन रानात लक्ष घालायला लागल्यावर तो आपलं ठाणं उत्तरेला सरकवतो. आधी तो आमोन लांक टेकडीच्या आसपास राहायचा. पुढं तिथंच खलनायक सौरोनचा डोल गुलदुर किल्ला झाला.

लोरियेनमध्ये नेमकं उलटं घडलं. तिथं हळूहळू सिंदारिन बोलली जायला लागली, रानातली बोली मागं पडली. निम्रोडेल नावाची तिथली एक एल्फ बाई मात्र शेवटपर्यंत तीच बोलायची. पश्चिमेकडून आलेल्या एल्फांनी युद्धं आणली, आमची शांतता घालवली, असं तिचं म्हणणं. आम्रोथ राजा तिच्या प्रेमात, तो स्वतः त्या आलेल्यांच्या घराण्यातला, आणि ती त्याला सांगते, शांततेच्या मुलखात नेलंस तर लग्न करीन. दोघंही वाटेत हरवले. मग तिसऱ्या युगाच्या १९८१ साली केलेबोर्न आणि गालाद्रिएल लोरियेनचा कारभार घेतात. आपण चित्रपटात बघतो ते सोनेरी लोरियेन या सगळ्याच्या नंतरचं आहे.

म्हणजे बघ, कान, उंची, धनुष्य सगळं सारखं. फरक कुठंय, तर बाहेरून आलेला राजा त्यांच्यासारखा झाला का त्यांनी राजासारखं व्हायचं, यात. हे खेळात दाखवायला सोपं आहे. तुझ्या एका जमातीत म्हाताऱ्या बाया रागावल्या की जुनी बोली बोलतात, आणि तरुणांना ती कळते पण बोलता येत नाही. आमच्या घरात असंच चालतं. आज्जी चिडली की अस्सल तेलुगू, आणि माझा भाऊ उत्तर मराठीत देतो.

ओरोफेरला फार गोड मानू नकोस मात्र. सौरोनविरुद्धच्या शेवटच्या युतीच्या लढाईत त्याला गिल-गालादच्या हुकमाखाली जायचं नव्हतं. त्यानं इशारा व्हायच्या आधीच मॉर्डोरवर चाल केली, स्वतः मेला. थ्रांडुइल परतला तेव्हा फौजेचा तिसरा हिस्सा सुद्धा धड उरला नव्हता. मान राजाचा आणि मेली रानातली साधी माणसं. लोरियेनच्या राजाचंही तसंच झालं, तो मुख्य फौजेपासून तुटून दलदलीत ढकलला गेला, निम्म्याहून जास्त लोकांसकट.

हिप्परग्याचा_बगळा

टोल्किनच्या बाहेरचं एक उदाहरण देतो, खेळवाल्यांना आवडेल.

ड्रॅगनलान्समध्ये, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्याच एका कथाविश्वात, जमिनीवर राहणाऱ्या एल्फांच्या तीन जमाती आहेत. सिल्वानेस्ती सगळ्यात जुने आणि नाक वर करून चालणारे. क्वालिनेस्ती त्यांच्यातूनच फुटून निघालेले. आणि कागोनेस्ती, रानातले. १९८५च्या 'ड्रॅगन्स ऑफ विंटर नाइट'मध्ये ड्रॅगनांच्या युद्धामुळं पहिल्या दोघांना आपापला देश सोडून पळावं लागतं, आणि दोघंही दक्षिण एर्गोथला जाऊन टेकतात. तिथं कागोनेस्ती पिढ्यान् पिढ्या राहतायत. आता निर्वासितांनी काय करावं? यांनी तिथं आपापली वसाहत थाटली, एकमेकांशी जुनं वैर चालू ठेवलं, आणि कागोनेस्तींना नोकर करून टाकलं. सुधारणा करतोय म्हणे त्यांची!

मला ते वाचून राग आला होता, आणि राग येण्याचं कारण असं की लेखकांनी निर्वासितांचं दुःख पण खरं दाखवलंय. घर गेलेला माणूस दुसऱ्याच्या घरात गेल्यावर नम्र होतोच असं नाही.

भाऊसाहेब म्हणतात ती तिसरी जमात इथं चक्क समोर उभी आहे, आणि तरी भांडण पहिल्या दोघांचंच चालू आहे.

पार्कचौकातली_ऑर्क

काका, तुमचं उत्तर गटावर टाकलं. भोंगा दुपारपासून गप्प आहे, हेच मोठं.

तिसरी जमात खरंच नव्हती माझ्याकडं. खोऱ्यात 'निर्मनुष्य जंगल' असं लिहून ठेवलं होतं, पुसलं. पण एक विचारू? या कथांमध्ये एल्फांची जमिनीची रीतसर वाटणी कुठं झालीय का? म्हणजे तलवार न काढता, बसून? खेळाडूंना शेवटी काहीतरी करार करू द्यायचाय, आणि तो पोरकट वाटता कामा नये.

निम्रोडेल, जुन्या बोलीची कल्पना उचलली. तुझ्या आज्जीला थँक यू सांग.

माजी_भाऊसाहेब

आहे की. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या परिशिष्टात आहे, लोक तिथवर वाचत नाहीत. सौरोन पडल्यावर, तिसऱ्या युगाच्या ३०१९ साली, ६ एप्रिलला, म्हणजे एल्फांच्या वर्षारंभाला, थ्रांडुइल आणि केलेबोर्न मिर्कवुड जंगलाच्या मधोमध भेटतात. वाटणी अशी: रानातल्या डोंगरांपर्यंतचा उत्तरेचा भाग थ्रांडुइलला. रान जिथं अरुंद होतं त्याच्या दक्षिणेचा केलेबोर्नला. मधला रुंद पट्टा बेओर्निंग आणि रानकरी या माणसांना. जंगलाचं नाव पण बदललं.

माझ्या मते सगळ्या पुस्तकांतली ही सगळ्यात शहाणी वाटणी. चतुःसीमा जमिनीवर दिसणाऱ्या आहेत, डोंगर आणि रानाची अरुंद जागा, हवेतली रेघ नाही. दोन वाटेकऱ्यांच्या मधे तिसऱ्याची जमीन सोडली, म्हणजे बांधाला बांध लागत नाही. आणि तो तिसरा तिथं आधीपासून वावरणारा आहे, त्याला कुठून आणून बसवलेला नाही.

खोट एकच. दक्षिणेचा वाटा घेऊन केलेबोर्नला थोड्याच वर्षांत कंटाळा आला. गालाद्रिएल समुद्रापार गेली होती, तो सगळं सोडून रिव्हेंडेलला निघून गेला. उत्तरेचे रानएल्फ मात्र होते तिथंच निवांत राहिले. रिकाम्या पडलेल्या दक्षिणेच्या वाट्याचं पुढं काय झालं, कुणी वहिवाटला, यावर पुस्तकात अक्षर नाही. तुला कथा तिथून काढता येईल. मालक जिवंत आहे, पण दूर निघून गेलाय आणि परत येईल का माहीत नाही. अशी प्रकरणं आम्हाला सगळ्यात जड जायची.

करार लिहिताना हद्द नदीच्या मधल्या धारेवर ठेवू नकोस. नदी पात्र बदलते. तुझे एल्फ हजार वर्षं जगणार, तोपर्यंत नदी दोनदा सरकलेली असेल, आणि एक जमात म्हणेल जुनं पात्र धरा, दुसरी म्हणेल नवं. भीमेकाठच्या गावांना विचार.

गिरणीचा_भोंगा

गप्प नव्हतो, लाइट गेली होती.

काका, मानलं तुम्हाला, पण एक सांगा. तुमच्या हिरव्या एल्फांना कुणी राखलं? निर्नाएथच्या लढाईत नोल्डोरचं कंबरडं मोडल्यावरच मोरगोथ सगळीकडं पसरला. वेढा होता तोवर हे नद्यांकाठी गाणी म्हणत होते. पहाऱ्याची पण काहीतरी किंमत धरा की.

माजी_भाऊसाहेब

धरली. राखणदाराला राखणीचा हक्क मिळावा, सुगीत वाटा मिळावा. शेत त्याच्या नावावर कशाला करायचं?

आणि तुम्हीच निर्नाएथ काढलंत म्हणून आठवण देतो. त्या लढाईनंतर फेआनोरची पोरं सगळं गमावून पळाली ती कुठं? ओस्सिरिआंडात, डोंगराच्या पायथ्याला. याच हिरव्या एल्फांत मिसळून रानात दिवस काढले. त्यांना कुणी हाकललं नाही. आणि तिथूनच उठून त्यांनी पुढं डोरिआथवर हल्ला केला, सिल्मरिलसाठी तिथला तेव्हाचा राजा डिओर याला मारलं. राखणीचा हिशेब मांडायचा तर हा पण त्याच पानावर मांडा.

गिरणीचा_भोंगा

तरी नोल्डोर.

पूर्वभागातली_निम्रोडेल

भाऊसाहेब, छोट्या बुटक्यांतल्या मीमला विसरलात. फिनरोडनं जिथं राजधानी केली त्या नार्गोथ्रोंडच्या गुहा त्याच्या फार आधी छोट्या बुटक्यांनी शोधल्या, खोदायला पण त्यांनीच घेतल्या. आणि बेलेरिआंडच्या एल्फांनी त्यांना ओळखलं नाही, जनावरं समजून शिकार केली त्यांची. डोंगराआडून मोठे बुटके आले तेव्हा कुठं कळलं हे कोण ते. पहिली नोंद कुणाची, म्हणून विचारते.

माजी_भाऊसाहेब

विसरलो नाही, प्रश्न एल्फांचा होता म्हणून सोडलं. पण बरोबर आहे. इतर हक्कात सुद्धा नाव नाही त्यांचं.

पार्कचौकातली_ऑर्क

ठरलं मग. खोऱ्यात वरच्या अंगाला चांदीवाले, खालच्या अंगाला हिरवेवाले, आणि दोघांनाही माहीत नसलेल्या जुन्या गुहा नदीच्या डाव्या काठाला. हद्द नदीवरून उचलून टेकड्यांच्या ओळीवर टाकलीय, तरी पेन्सिलीतच ठेवते, खेळाडू काय ते ठरवतील. जुनी बोली फक्त गुहांच्या भिंतीवर आणि एका म्हातारीच्या तोंडात. भोंग्या, तू चांदीवाल्यांचा वकील. रविवारी येताना फासे आण, मागच्या वेळेस माझा वीस बाजूंचा फासा गच्चीवरून खाली कुणाच्या तरी वाळवणात पडला, तो अजून मिळालेला नाही.